एका दिवसाचा महाराजा

प्लेगच्या दिवसांत शहर साफ करण्याची एक रीत मराठी माणसाला चांगलीच ठाऊक आहे. १८९७ मध्ये पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने ती वापरली. गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरापर्यंत पोचले, सामान रस्त्यावर काढून जाळले गेले, माणसे छावण्यांत हलवली गेली. त्या प्रकरणाचा शेवट गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, हे शाळेतला मुलगाही सांगेल. पण त्या गोळीच्या आवाजात एक साधी गोष्ट ऐकायची राहून जाते. लोक रोगापेक्षा रोग हटवायला आलेल्यांना जास्त भिऊ लागले होते. आणि भ्यालेली माणसे रोगी लपवतात. मोहीम जितकी कडक, तितका रोग घरात दडून बसतो.

दुसरी रीत त्यानंतर वीस वर्षांनी एका मराठी संस्थानाच्या राजधानीत, होळकरांच्या इंदुरात वापरली गेली. ती मात्र आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. ती वापरणारा गृहस्थ स्कॉटलंडचा, साठी ओलांडलेला, विस्कटलेल्या दाढीचा आणि पेशाने वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याचे नाव पॅट्रिक गेडिस. आधुनिक नगररचनाशास्त्राच्या जनकांत त्यांची गणना होते. पण आपल्या दृष्टीने त्यांचे महत्त्व वेगळेच आहे. शहराच्या घाणीकडे पाहताना आधी काय आणि नंतर काय, हा क्रम ठरवण्यात त्यांनी आयुष्याची चांगली दहा वर्षे हिंदुस्थानात घालवली.

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ चा. स्वच्छतेचे नाव घेतले की आपल्याला ही तारीख दुसऱ्याच एका महापुरुषामुळे आठवते. हा योगायोग म्हणायचा आणि पुढे जायचे. वडील लष्करातून निवृत्त झालेले. पर्थ गावाबाहेरच्या टेकडीवर त्यांचे घर होते आणि मुलाचे पहिले शिक्षण घरच्या बागेत झाले. पुढे लंडनला हक्स्ले यांच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले. सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास बसणारा संशोधक व्हायचे, हे जवळजवळ ठरल्यासारखे होते. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना डोळ्यांनी दगा दिला. कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहावे लागले. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाचे काम कायमचे सुटले. पेशी बारकाईने पाहणारा माणूस मग गल्ल्या बारकाईने पाहू लागला. जीवशास्त्राचे त्यातून फार नुकसान झाले असे वाटत नाही; शहरांचा मात्र फायदा झाला.

१८८६ मध्ये त्यांचे ॲना मॉर्टन हिच्याशी लग्न झाले. ॲना लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याची मुलगी. नव्या जोडप्याने एडिंबरोच्या नव्या, प्रशस्त भागात घर करावे अशीच कुणाची अपेक्षा असणार. १८८७ मध्ये या दोघांनी बिऱ्हाड हलवले ते जुन्या शहरातल्या जेम्स कोर्ट नावाच्या चाळवजा इमारतीत. हा एके काळी प्रतिष्ठितांचा भाग होता. प्रतिष्ठित निघून गेले, गरीब दाटीवाटीने राहू लागले आणि नगरपालिकेचे लक्ष उडाले. आपल्या गिरगाव-भुलेश्वरकडे पाहिलेल्यांना ही कथा समजावून सांगायला नको. गेडिस यांनी तिथे भाषणे दिली नाहीत. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन चौक धुतला, भिंतींना चुना दिला, खिडक्यांत फुलझाडे लावली. एक चौक झाल्यावर दुसरा. सारे शहर एकदम सुधारायचे नाही, हातात आहे तेवढा तुकडा आज साफ करायचा, ही पद्धत तिथे बसली. पुढे जवळच्याच एका उंच इमारतीत त्यांनी आउटलुक टॉवर नावाचे संग्रहालय काढले. तिथे पाहुण्याला आधी गच्चीवर नेऊन सारे शहर दाखवायचे आणि मग एकेक मजला खाली उतरत त्याला स्कॉटलंड, युरोप, जग असे नेत जायचे. डंडीच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, पण वर्षातून एकच सत्र शिकवायचे अशी सोय होती. उरलेला वेळ त्यांनी शहरांना दिला.

१९१४ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस हिंदुस्थानात आले. शहरांविषयीचे नकाशे, चित्रे आणि आराखडे यांचे त्यांचे प्रदर्शन दुसऱ्या जहाजातून मागून येत होते. महायुद्ध नुकतेच पेटले होते. एम्डन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले आणि अनेक वर्षे जमवलेले सारे साहित्य समुद्रात गेले. दुसरा कुणी पहिल्या बोटीने परतला असता. गेडिस यांनी इंग्लंडमधल्या स्नेह्यांकडून नवे साहित्य गोळा करवले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरवले. मग सुरू झाली ती भटकंती. तंजावर, मदुरा, अहमदाबाद, सुरत, बडोदे, लखनौ, लाहोर आणि आपल्याकडची ठाणे, वांद्रे, नागपूर. जाईल त्या गावाचा अहवाल लिहायचा.

त्या काळी शहर सुधारणे याचा अर्थ पाडापाडी असा होता. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले. हवा खेळू लागली हे खरे. पण ज्यांची घरे गेली ती माणसे शेजारच्या चाळीत आणखी दाटीने राहू लागली आणि घाण एका गल्लीतून दुसरीत गेली. गेडिस यांचा आक्षेप नेमका यावर होता. ते आधी पायी हिंडत. पहाटे गल्लीत जात, विहिरी बघत, पाणी कुठून येते आणि कुठे तुंबते ते पाहत, देवळाच्या ओट्यावर बसत. अगदी पडायला आलेली दोन-चार घरे काढून टाकली, एक बोळ मोकळा केला, तिथे एक झाड आणि बसायला पार केला, तर उरलेली शंभर घरे राहण्याजोगी होतात आणि खर्च इंजिनियरांच्या आराखड्याच्या मानाने अगदी थोडा येतो, हे ते हिशेब मांडून दाखवत. गावातले तलाव हिवतापाच्या भीतीने बुजवायला निघालेल्या अधिकाऱ्यांना ते तलावात मासे आणि बदके सोडा असे सुचवत. डासांच्या अळ्यांचा बंदोबस्त तीच करतील. इंजिनियर मंडळींना हा म्हातारा फारसा आवडत नसे, हे वेगळे सांगायला नको.

१९१७ साल त्यांच्यासाठी भयंकर ठरले. थोरला मुलगा ॲलस्डेअर, बापाच्या कामात मुरलेला आणि खरा वारसदार, एप्रिलमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. त्या वेळी ॲना हिंदुस्थानात आतड्यांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. तिला ही बातमी सोसवणार नाही म्हणून गेडिस यांनी ती सांगितलीच नाही. मुलाची आधी येऊन पडलेली पत्रे ते तिला वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये कलकत्त्याला ती गेली; मुलगा गेल्याचे तिला शेवटपर्यंत कळले नाही. त्यानंतर काही महिन्यांतच हा माणूस इंदूरच्या गल्ल्या मोजताना दिसतो. दुःख विसरायला काम हा उपाय जगात पुष्कळांनी केला आहे, पण दूषित शहरे माणसांना कशी मारतात याचा अहवाल अशा मनःस्थितीत लिहायला बसणे सोपे नसावे.

इंदुरात तेव्हा प्लेग होता. गादीवर तिसरे तुकोजीराव होळकर. गेडिस हातात नकाशा घेऊन हिंडू लागले तसे त्यांच्या ध्यानात आले, की लोक आपल्याकडे बोट दाखवून काही पुटपुटतात आणि बाजूला होतात. चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, की हाच म्हातारा साहेब प्लेग घेऊन आला, असे लोकांना वाटते. नकाशावाला साहेब आला म्हणजे घरावर नांगर फिरणार, एवढे लोकांना अनुभवाने कळत होते. रँड असता तर त्याने पलटण मागवली असती. गेडिस यांनी संस्थानच्या कारभाऱ्यांकडे एक विचित्र मागणी केली: मला एका दिवसापुरते महाराजांचे अधिकार द्या. आणि आश्चर्य म्हणजे ती मान्य झाली.

दिवाळी तोंडावर आली होती. जाहीर झाले, की यंदा मोठी मिरवणूक निघेल. मात्र ती हिंदूंच्या नेहमीच्या मार्गाने जाणार नाही आणि मुसलमानांच्याही नाही. ज्या रस्त्यावरची सर्वांत जास्त घरे झाडून-सारवून, डागडुजी करून स्वच्छ झालेली असतील, त्या रस्त्याने ती जाईल. कचरा घरासमोर काढून ठेवला तर तो फुकट उचलला जाईल. एवढे पुरले. आपल्या दारावरून मिरवणूक जावी असे कुणाला वाटत नाही? आळीआळींत चुरस लागली. वर्षानुवर्षे परसात साठलेला उकिरडा बाहेर निघाला, गाड्यांमागून गाड्या भरून गेल्या, उंदीर पकडले गेले, भिंतींना रंग चढला. पुण्यात संगिनीच्या धाकाने जे झाले नाही, ते इथे हौसेने झाले.

मिरवणुकीत पुढे संस्थानचे घोडदळ, तोफा, हत्ती. त्यामागून सूर बदलले आणि रडवे वाद्य वाजू लागले. आता आली भुतेखेते, रोगांची सोंगे, मोडक्या, कललेल्या, काळवंडलेल्या घरांच्या प्रतिकृती आणि त्यांच्यामागे घाणीचा अवाढव्य राक्षस. त्याच्या जोडीला प्लेगचा महाकाय उंदीर. मग थोडी मोकळी जागा. आणि त्या मोकळ्या जागेनंतर आनंदी वाद्यांच्या तालावर आले शहराचे झाडूवाले, बाया आणि पुरुष. पांढरे स्वच्छ कपडे, हातात नव्या केरसुण्या, कचऱ्याच्या गाड्या ताज्या रंगवलेल्या, बैल धुतलेले, शिंगे रंगवलेली, गळ्यात माळा. त्यांच्या डोक्यावर नवी पागोटी होती, आणि ती त्याच रंगाची होती ज्या रंगाची त्या दिवशी वरच्या अधिकाऱ्यांची आणि खुद्द गेडिस यांची. पागोट्याच्या रंगात आणि बांधणीत माणसाची सारी पायरी ओळखली जाण्याचा तो काळ. ज्यांची सावली टाळायची ते शहराच्या पागोट्यात, मिरवणुकीच्या मध्यभागी! त्यांच्यामागे पोलीस आणि अधिकारी, मग नगरदेवता इंदूर, हाती नव्या शहराचा नकाशा मिरवत, पुढच्या काळात उभारायच्या वाचनालयांच्या आणि चांगल्या घरांच्या प्रतिकृती, कारागीर, फळाफुलांच्या गाड्या. तुळशीची रोपे वाटली गेली. रात्री घाणीचा राक्षस आणि उंदीर यांचे दहन झाले आणि शोभेचे दारूकाम उडाले.

राक्षस जाळायचा तो दसऱ्याला, दिवाळीला नव्हे, असे कुणी शास्त्री म्हणेल. गेडिस यांनी दोन सणांची खुशाल सरमिसळ केली. पण त्यांनी नेमका धागा पकडला होता. लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. घरातली केरसुणी लक्ष्मी आणि रस्त्यावरची केरसुणी हाती धरणारा अस्पृश्य, ही आपली जुनी विसंगती. ती या परक्या माणसाने भर रस्त्यात आणून दाखवली. ही सारी हकिगत गेडिस यांनी स्वतः सांगितलेली, आणि १९२७ मध्ये त्यांच्या एका शिष्येने ती पुस्तकात छापली. त्यांना रंगवून सांगण्याची आवड होती, हे ध्यानात ठेवून ती वाचावी. तरी एक गोष्ट त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे. प्लेग ओसरला याचे सारे श्रेय त्यांनी मिरवणुकीला दिले नाही. रोगाचा मोसमही तेव्हा सरत आला होता, हे त्यांनीच मान्य केले. लोक मात्र आता म्हणू लागले, की हाच तो म्हातारा साहेब, प्लेग पळवणारा.

हे भय आधी गेले, म्हणून पुढचे काम करता आले. १९१८ मध्ये इंदूर दरबाराला सादर झालेला दोन खंडांचा अहवाल ही गेडिस यांच्या हिंदुस्थानातल्या कामाची सर्वांत मोठी ठेव. खान आणि सरस्वती या नद्या, त्यांचे घाट, गिरण्यांची वस्ती, बाजार, विहिरी, अगदी विद्यापीठापर्यंत त्यांनी सगळ्यांचा विचार केला आहे. पण त्यातला सर्वांत वादग्रस्त भाग मैल्याविषयीचा. विलायती पद्धत अशी, की जे नको ते सारे गटारात सोडायचे, पाण्याने वाहून न्यायचे आणि शेवटी नदीच्या हवाली करायचे. त्यासाठी शहरभर खोल नळ, भरपूर पाणी आणि लाखोंचा खर्च. गेडिस यांनी विचारले, की जिथे उन्हाळ्यात प्यायला पाणी पुरत नाही तिथे मैला वाहून न्यायला ते कुठून आणणार? आणि नदी तरी का नासवायची? हा माणूस मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. झाडाच्या हिशेबात टाकाऊ असे काही नसते. एकाचे टाकलेले दुसऱ्याचे अन्न. म्हणून सारे गटारात न जाता मातीत गेले पाहिजे, वस्तीच्या कडेने बागा आणि मळे असावेत, सांडपाणी आणि खत तिथे मुरावे, आणि पैसा आधी गल्ली, विहीर, घर यांवर खर्च व्हावा, असा त्यांचा क्रम.

या क्रमात एक मोठी फट होती आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सारे मातीत जायचे, तर तिथवर ते नेणार कोण? उत्तर ठरलेले होते: ज्यांना त्या दिवशी पागोटी मिळाली तेच. एका दिवसाच्या सन्मानाने पिढीजात काम सुटत नाही. दुसऱ्या दिवशी डोक्यावर पागोट्याऐवजी पुन्हा टोपलीच आली असणार. वाहत्या पाण्याचे गटार महाग खरे, नदी नासवणारे खरे, पण त्याने काही माणसांच्या डोक्यावरची टोपली उतरवली, हे गेडिस यांच्या हिशेबात बसले नाही. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा व्हायला या देशात १९९३ साल उजाडावे लागले, आणि २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. कचरा वेचणाऱ्यांनीही आपला मान स्वतःच मिळवला. पुण्यात १९९३ मध्येच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, पुढे तिच्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करू लागली. मिरवणुकीपेक्षा हे काम कंटाळवाणे आहे, पण टिकणारे आहे.

इंदूरनंतर गेडिस मुंबईत आले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभाग निघाला, त्याचे ते पहिले प्राध्यापक. व्याख्याता म्हणून ते अवघडच होते; दाढीत बोलत, विषयावरून विषयावर उड्या मारत, आणि अक्षर तर लागतच नसे. पण मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये नावाच्या संस्कृतच्या तरुणाला त्यांनी हेरले, त्याची विलायतेसाठी निवड केली, आणि भारतीय समाजशास्त्राला आपला पाया घालणारा माणूस मिळाला. याच काळात त्यांनी जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र लिहिले. १९२४ मध्ये प्रकृतीमुळे हिंदुस्थान सोडला. त्यांच्या पाठीमागे तीनच वर्षांनी मुंबईने आपल्या कचऱ्याचा निकाल लावला: १९२७ पासून तो देवनारला टाकायचा. नागरिकशास्त्राचे पहिले अध्यासन ज्या शहरात झाले, त्या शहराचा डोंगर २०१६ मध्ये पेटला आणि दिवसेंदिवस धुमसत राहिला.

इंदुरात मात्र १९२४ मध्येच आणखी एक गोरा वनस्पतिशास्त्रज्ञ येऊन दाखल झाला. अल्बर्ट हॉवर्ड. पालापाचोळा, शेण, माती यांचे थर रचून, वरखाली करून काही महिन्यांत खत करण्याची जी पद्धत त्यांनी बसवली, ती साऱ्या जगात इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. १९३१ मध्ये त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले, त्याचे सहलेखक यशवंत वाड. सारे मातीत गेले पाहिजे, हे गेडिस सांगून गेले. कसे, ते त्याच गावात हॉवर्ड-वाड यांनी दाखवले.

गेडिस शेवटी दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलियेला राहिले. तिथेही ओसाड माळावर विद्यार्थ्यांसाठी घर आणि बाग उभारली. तेल अवीवचा आराखडा केला. पूर्वी एकदा नाकारलेला सरदारकीचा किताब १९३२ च्या आरंभी स्वीकारला आणि १७ एप्रिल १९३२ रोजी ते वारले. त्यांचे हिंदुस्थानातले अहवाल दप्तरांत पडून होते. १९४७ मध्ये त्यांतले वेचे लंडनला पुस्तकरूपाने निघाले.

आणि इंदूर? २०१७ पासून सलग वर्षे देशातले सर्वांत स्वच्छ शहर म्हणून पहिला नंबर. रस्त्यावरच्या कचराकुंड्या गेल्या, घरोघरी ओला-सुका वेगळा होऊ लागला, देवगुराडियाचा जुना कचऱ्याचा डोंगर २०१८ च्या सुमारास उपसून सपाट झाला, आणि २०२२ पासून रोजच्या ५५० टन ओल्या कचऱ्यातून गॅस आणि खत करणारा कारखाना तिथे उभा आहे. आळीआळींतली ती चुरस आता शहराशहरांत लागते. गेडिस यांनी हे पाहून टाळ्या वाजवल्या असत्या, यात शंका नाही.

पण डिसेंबर २०२५ मध्ये याच इंदूरच्या भागीरथपुरा भागात पिण्याच्या नळात गटाराचे पाणी मिसळले. शेकडो माणसे उलट्या-जुलाबांनी आजारी पडली, काही दगावली. रस्ते तेव्हाही स्वच्छच होते. नळाच्या पाण्याला वास येतो, असे तिथले रहिवासी आधीपासून सांगत होते.